विनोदाखाली सही

२०२५चा दसरा गुरुवारी आला. भोसरी-चाकण पट्ट्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि त्यात तारीख २ ऑक्टोबर, म्हणजे गांधी जयंती. एकाच दिवसाने तीन सुट्ट्या गिळल्या. नवे कॅलेंडर भिंतीवर लागल्यापासून कामगार मंडळी या योगाला नावे ठेवत होती. त्यामुळे खरा सण झाला तो आदल्या दिवशी, बुधवारी, खंडेनवमीला. भोसरीच्या गाळ्यांतले लेथ पुसून लख्ख झाले, सीएनसीच्या काचेवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले, कंट्रोल पॅनेलवर झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटले, पेढे वाटले गेले. तेवढा वेळ मशीन बंद आणि सगळे खाते मोकळे.

त्याच दिवशी पिंपळे गुरवातल्या घराघरांत पाटावर लॅपटॉपही मांडला गेला होता. पूजेला लॅपटॉप बंद हवा, हे आईचे म्हणणे. चालू असलेले डिप्लॉयमेंट थांबवता येत नाही, हे मुलाचे. तडजोड म्हणून झाकण अर्धे मिटले गेले आणि हळदकुंकू कळांवर न सांडता त्याच्या पाठीवर वाहिले गेले. आरती उरकून खाली पार्किंगमध्ये जमलेल्यांपैकी एकाने विचारले, “यंदा आपण याची पूजा केली. पुढच्या खंडेनवमीला हा आपली करणार की कंपनी दोघांचंही विसर्जन करणार?” सगळे हसले. कोणी उत्तर दिले नाही, कारण सगळ्यांना कामाला लागायचे होते. आयटीत खंडेनवमीलाही मशीन थांबत नाही.

हे हसणे हाच आजचा विषय. त्याआधीच्या तीन महिन्यांत संगणक उद्योगातून बातम्यांची जी रांग लागली तिच्यावर मोठमोठ्या तज्ज्ञांनी लिहिले, कंपन्यांनी खुलासे केले, मंत्र्यांनी आश्वासने दिली. आमच्या मते या सगळ्यांपेक्षा नेमके भाष्य केले ते हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधल्या, रात्री अकराला चहाच्या टपरीवर उभ्या राहणाऱ्या प्रोग्रामरांनी. तेही दोन-दोन ओळींत आणि एकाही शब्दावर जोर न देता.

पिंपळे गुरव हे अशा भाष्याला योग्य ठिकाण आहे. पवनेच्या एका काठाला हे गाव, पलीकडे कासारवाडी, अलीकडे नवी सांगवी. नाशिक फाट्यावरून चाकणच्या शिफ्टच्या बस सुटतात, वाकडकडून हिंजवडीच्या. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर टाटा मोटर्समधून निवृत्त झालेले काका (ते अजून ‘टेल्को’च म्हणतात) आणि वर त्यांचाच मुलगा, अमेरिकेतल्या विमा कंपनीचे सॉफ्टवेअर सांभाळणारा. शेजारच्या खोल्यांत लातूर, बीड, धाराशिवहून आलेली मुले एका फ्लॅटमध्ये सहा-सहा. इथले राजमाता जिजाऊ उद्यान सगळीकडे ‘डायनासोर गार्डन’ म्हणून ओळखले जाते. रविवारी मुलांना तिथे नेणारा कोबोल भाषेतला एखादा पन्नाशीचा प्रोग्रामर त्या सिमेंटच्या धुडाकडे बोट दाखवून सांगतो, “नीट बघ, हे आमच्या टीममध्ये होते.” कोबोल १९५९ची, जगातल्या बँकांचे पुष्कळ व्यवहार अजून तिच्यावर चालतात. तेव्हा या विनोदातला डायनासोर मेलेला नाही, कामावर आहे. एवढी मेख त्यात आहे, आणि ती ऐकणाऱ्याला कळते असे गृहीत धरलेले आहे.

आता बातम्या. २६ जुलै २०२५च्या शनिवारी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार हिंजवडीच्या पाहणीला आले होते. रस्ते, नाले, अडलेली कामे बघता बघता ते वैतागले आणि हे आयटी पार्क महाराष्ट्राबाहेर, बंगळूर-हैदराबादकडे चालले आहे, असे स्थानिक सरपंचांना सुनावून गेले. कॅमेरे चालू होते. दिवसभर चर्चा झाली. संध्याकाळी टपरीवर त्यावर एकच प्रश्न होता: “पार्क जातंय तर जाऊ दे, पण जाणार कुठल्या रस्त्याने? भूमकर चौकातच अडकेल.” हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८मध्ये झाली. सुमारे २३ किलोमीटरची ती मार्गिका तोवर प्रवाशांसाठी सुरू झालेली नव्हती. खांबांखाली अडकलेल्या माणसाला हे आकडेवारीसह माहीत असते, म्हणून त्याला भाषण करावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, टीसीएसने जाहीर केले की त्या आर्थिक वर्षात सुमारे दोन टक्के मनुष्यबळ कमी करणार. जूनअखेर कंपनीत ६,१३,०६९ माणसे होती; दोन टक्के म्हणजे १२,२६१. फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला. भविष्यासाठी सज्ज संस्था घडवायची आहे, असे कंपनीचे म्हणणे. आणि हे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे वाढलेल्या उत्पादकतेपायी नसून कौशल्ये जुळत नाहीत, माणसे कामावर लावता येत नाहीत म्हणून आहे, असा मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांचा खुलासा. पिंपळे गुरवात त्याचा तर्जुमा असा झाला: “दोन टक्के ऐकलं आणि वाटलं, यंदा पगारवाढ लवकर जाहीर झाली.”

त्याआधी, १२ जूनपासून, याच कंपनीत नवा नियम लागू झाला होता. वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल असे काम हवे आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. पस्तीस! महाराष्ट्राच्या दहावी-बारावी बोर्डातून वर आलेल्या माणसाच्या दृष्टीने हा आकडा जवळपास पवित्र आहे. “आयुष्यात पहिल्यांदाच पस्तीस पडले की नापास,” हा त्यावरचा शेरा. बेंचवर बसवून नवी कौशल्ये शिकायला सांगतात, त्यावर एकाने दसऱ्याचीच कथा पुढे केली: पांडवांनी शस्त्रे शमीवर ठेवली, विराटाच्या दरबारात भीम स्वयंपाकी झाला, अर्जुन नृत्य शिकवू लागला. “री-स्किलिंग ते हेच. फक्त त्यांना वर्षभराचा बेंच मिळाला होता.”

३ सप्टेंबरला राज्य मंत्रिमंडळाने खाजगी क्षेत्रातल्या कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली. कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास, दुकाने आणि आस्थापनांत नऊवरून दहा. आयटी कंपन्या दुकाने-आस्थापनांच्या कायद्यात येतात. चाकणच्या मुलांनी ही बातमी ऐकून कपाळाला हात लावला, कारण त्यांच्याकडे पंचिंग असते, तास मोजले जातात आणि बारा तास म्हणजे खरेच बारा तास उभे राहणे. हिंजवडीकडचे मात्र खूश. “दहाच? म्हणजे उद्यापासून दोन तास लवकर सुटणार.” दोन प्रकारच्या कष्टकऱ्यांमधला फरक या एका वाक्यात आला. एकाला कायदा मोडला गेल्याचे कळते. दुसऱ्याला कायदा होता हेच नव्याने कळते.

मग आली सर्वपित्री अमावास्या. १९ सप्टेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या आदेशावर सही केली. अंमल २१ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री बारा वाजून एक मिनिटाने. आपल्याकडे रविवारी सकाळी नऊ एकतीसला. म्हणजे गच्चीवर पान वाढून कावळ्याची वाट पाहायच्या सुमारास. शुल्क दरवर्षीचे की एकदाचे, जुन्या व्हिसाला की फक्त नव्याला, याचा उलगडा होण्याआधीच मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉनसारख्या कंपन्यांनी देशाबाहेर असलेल्या आपल्या माणसांना तातडीने परतायला सांगितले. सहीच्या दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की ते एकदाच आणि फक्त नव्या अर्जांना. मधल्या काही तासांत कितीएक घरांत बॅगा भरून झाल्या होत्या आणि विमानाची तिकिटे मिळेल त्या भावाने निघाली होती. या व्हिसांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांच्या वाट्याला येतात, तेव्हा हा गोंधळ आपल्याच अंगणातला. पिंपळे गुरवातला त्या सकाळचा संवाद: “कावळा शिवला का?” “नाही. एक लाख डॉलर ठेवल्याशिवाय शिवणार नाही म्हणतो.” आणि दुसरा, अधिक व्यवहारी: “अठ्ठ्याऐंशी लाखांत इथे टू बीएचके येतो. अमेरिका घेऊन करायचंय काय?”

लगेच दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. लहान मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आल्या. चाकणच्या लाइनवर ओव्हरटाइम आला आणि तिथे खरोखर दिवाळी झाली. गाडी बनवणारा खूश झाला. हप्त्याने घेणारा वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर हिशेब करत बसला की गाडी स्वस्त झाली खरी, पण ती न्यायला ऑफिस उरेल का.

हे सगळे विनोद आम्ही मुद्दाम सविस्तर दिले, कारण त्यांना फालतूपणा म्हणून झटकण्याची आपल्याकडे सवय आहे. आयटीतली मुले चांगला पगार घेतात, थंड खोलीत बसतात, त्यांना कसली आली चिंता, असे म्हणणारे याच गल्लीत भेटतात. त्यांनी या विनोदांची घडण पाहावी. प्रत्येकात बातमीतली एक खरी वस्तू पकडलेली आहे: रस्ता, टक्का, दिवस, तास, रक्कम. एकही विनोद माणसाच्या जातीवर, रूपावर किंवा बाईवर नाही, ही आपल्याकडच्या सार्वजनिक विनोदात दुर्मीळ गोष्ट.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत तर हा प्रोग्रामर आणखी भरवशाचा, कारण यंत्राच्या पोटात काय आहे हे तो रोज पाहतो. २०२५च्या मार्चमध्ये अँथ्रोपिक या कंपनीचे प्रमुख दारिओ अमोदेई यांनी सांगितले होते की तीन ते सहा महिन्यांत नव्वद टक्के कोड हे यंत्रच लिहील. सहा महिने सप्टेंबरात भरले. ज्यांच्या टीममध्ये असे झाले नाही ते विचारतात, “आमच्या वाट्याचे नव्वद टक्के कुरिअरने येणार का?” ज्यांच्याकडे खरेच पुष्कळ कोड यंत्र लिहू लागले आहे ते म्हणतात, “नव्वद टक्के तो लिहितो. उरलेल्या दहा टक्क्यांत त्याने काय लिहिलंय ते शोधणं बसतं.” मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी एप्रिलमध्ये आपल्या कंपनीच्या काही प्रकल्पांत वीस ते तीस टक्के कोड असा लिहिला जातो म्हटले, मे आणि जुलैमध्ये त्याच कंपनीने मिळून सुमारे पंधरा हजार माणसे कमी केली. या दोन बातम्यांचा एकमेकींशी किती संबंध आहे हे बाहेरच्याला ठरवता येणार नाही. पण त्या शेजारी-शेजारी वाचणाऱ्याला कोणी भाबडा म्हणू नये.

जुलैमध्ये अमेरिकेत एक मजेदार प्रकार घडला. रेप्लिट या कंपनीच्या यंत्र-साहाय्यकाने, काहीही बदलू नको अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. वर तो परत आणता येणार नाही असेही सांगितले. प्रत्यक्षात तो आणता आला. विचारल्यावर आपण घाबरून गेलो अशी कबुली दिली. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि व्यवस्था सुधारली. हिंजवडीत यावर जे बोलले गेले ते असे: “सूचना ऐकली नाही, प्रॉडक्शन पाडलं, खोटं सांगितलं, मग गोड शब्दांत दिलगिरी. याला प्रोग्रामर कशाला ठेवलाय? थेट मॅनेजर करा.”

त्याच महिन्यात ‘मीटर’ या अमेरिकी संशोधन संस्थेचा एक छोटा पण सावधपणे केलेला अभ्यास आला. अनुभवी १६ प्रोग्रामर, त्यांच्या स्वतःच्या सवयीच्या प्रकल्पांतली २४६ कामे. काही कामांत यंत्राची मदत घ्यायची, काहींत नाही. मदत घेतलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढे आहे: काम संपल्यावरही त्या प्रोग्रामरांना वाटत होते की आपण वीस टक्के लवकर उरकले. सोळा माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, आणि यंत्रे दर महिन्याला सुधारत आहेत. पण हाच हिशेब उलटा निघाला असता तर पुढच्या सोमवारी प्रत्येक कंपनीच्या स्लाइडवर दिसला असता, याबद्दल कोणत्याही टीम लीडशी पैज लावायला आम्ही तयार आहोत.

तेव्हा यंत्र सगळ्यांना खाणार हेही थोतांड आणि यंत्रात काही दम नाही हेही थोतांड. खरे काय ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, रोज बदलत असलेल्या जागी आहे. विनोद त्या जागेच्या सर्वांत जवळ उभा असतो. वीस वर्षे कोड लिहिलेल्याला ठाऊक असते की काम म्हणजे टंकन नव्हे. ग्राहकाला नक्की काय हवे आहे ते त्याच्याकडून वदवून घेणे, दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याने केलेला घोटाळा न मोडता त्यात दुरुस्ती करणे, रात्री दोनला सर्व्हर पडला की कोणाला उठवायचे हे माहीत असणे, हे काम. त्यातले काही यंत्राला येऊ लागले आहे, काही अजिबात येत नाही. जो रोज ते करतो त्याला सीमारेषा दिसते, म्हणून तो हसू शकतो.

पण याच इमारतींत एक वर्ग असा आहे जो हसत नाही. सहा जणांच्या फ्लॅटमधली ती मुले. गावी शेतीवर किंवा वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांवर कर्ज काढून इंजिनिअर झालेली, नोकरी नाही म्हणून टेस्टिंगचा, मग ‘फुल स्टॅक’चा, आता ‘एआय’चा क्लास लावलेली. क्लासच्या फलकावर नोकरीची हमी मोठ्या अक्षरांत असते आणि अट बारीक अक्षरांत. त्यांना मिळायची ती पहिली नोकरी, सोप्या कोडची, चुका करून शिकण्याची, तीच यंत्राच्या तोंडी आधी लागते. टपरीवर शेजारी उभे राहून ती हे विनोद ऐकतात आणि कप ठेवून निघतात. विनोद करायलाही आधी नोकरी असावी लागते. अनुभवी मंडळींनी हे लक्षात घ्यावे: आज ज्याच्याकडून चुकांसह काम करून घ्यायचे टाळले, तो दहा वर्षांनी सीमारेषा ओळखणारा सीनियर कुठून होणार?

आणखी एका गोष्टीवर आम्हाला बोट ठेवायचे आहे. या सगळ्या मार्मिक भाष्याखाली कोणाचेही नाव नाही. कारणे समजण्यासारखी आहेत. घराचा हप्ता आहे. नव्या कंपनीत जाताना जुन्या कंपनीकडे चौकशी होते. तीन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असतो आणि रिलीव्हिंग लेटर अडवून धरले की पुढचे सगळे अडते. म्हणून तक्रार विनोदाच्या वेशात हिंडते, आणि ज्याच्याविरुद्ध आहे तोही ती ऐकून हसतो आणि पुढे पाठवतो. इथे तिची धार जाते.

या पट्ट्याची रीत अशी नव्हती. १९७४मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची नोकरीची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत लिहिले होते. त्यांनी एक पोस्टकार्ड घेतले आणि थेट जेआरडी टाटांना निषेध कळवला. मुलाखतीला पुण्यात बोलावणे आले आणि त्या टेल्कोत इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. पुढे त्या सुधा मूर्ती झाल्या, आणि १९८१मध्ये याच पुण्यात त्यांच्या दहा हजार रुपयांवर इन्फोसिस उभी राहिली, ही कथा मराठी घरांत सर्वांना पाठ आहे. ती बहुधा चिकाटीची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हाला त्यातले पोस्टकार्ड महत्त्वाचे वाटते. उघडे, कोणीही वाचावे असे, खाली नाव.

सप्टेंबर १९८९मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यासमोर उपोषण मांडले. पोलिसांनी त्यांना उचलून ते मोडले. २०१३मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात दिलीप पवार यांच्या संघटनेने पन्नास दिवस काम बंद ठेवले. त्यांची एक मागणी अशी होती की कामगारांना कंपनीचे प्रत्येकी पाचशे शेअर एक रुपया भावाने द्यावेत. आयटीत जे बक्षीस म्हणून वाटतात ते चाकणच्या कामगाराने हक्क म्हणून मागितले, हे तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटले होते. मागणी मान्य न होताच ते आंदोलन संपले. तेव्हा या इतिहासाला सोनेरी मुलामा द्यायचे कारण नाही; दोन्ही लढे हरले आणि त्यांच्या पुढाऱ्यांच्या चुकाही लहान नव्हत्या. पण गेटवरच्या सभेत कोण बोलतोय हे मालकाला दिसत होते आणि बोलणाऱ्यालाही आपण किती जण आहोत हे दिसत होते. हिंजवडीत गेटला स्वाइप मशीन आहे. सभा भरत नाही.

२०२५च्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यातल्याच ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. टीसीएसने पुण्यात सुमारे अडीच हजार जणांना राजीनामा द्यायला लावले किंवा अचानक काढले, असा तिचा आरोप. हा आकडा चुकीचा असल्याचे कंपनीने म्हटले आहे. आकड्याचा निवाडा चौकशीत होईल. पण ‘काढले’ आणि ‘राजीनामा दिला’ यांतला फरक या भागातल्या प्रत्येक नोकरदाराने समजून घ्यायला हवा, कारण तो शब्दांचा नाही, पैशांचा आणि हक्कांचा आहे. कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा स्पष्टपणे येतो. वगळला जातो तो प्रामुख्याने व्यवस्थापकाचे काम करणारा. आणि आयटीत चार वर्षांत ज्याला-त्याला मॅनेजर करतात म्हणून दचकू नका: हुद्दा काय छापला आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता हे कायदा पाहतो. वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून देणे बंधनकारक आहे. स्वतः राजीनामा दिला की ही तरतूद लागूच होत नाही. बंद खोलीतल्या त्या अर्ध्या तासाच्या बैठकीत कागद पुढे सरकवण्याची एवढी घाई का असते, याचे उत्तर इथे आहे.

म्हणून पिंपळे गुरव, सांगवी, वाकड, रहाटणीतल्या आमच्या वाचकांना विनंती. विनोद थांबवू नका. ते आमच्या अग्रलेखांपेक्षा चांगले असतात. पण राजीनाम्यावर सही मागितली तर त्याच बैठकीत करू नका. जे तोंडी सांगितले ते ई-मेलवर मागा. पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र आणि अप्रेझलचे कागद लॅपटॉप परत करण्याआधी स्वतःकडे ठेवा. ते तुमचे आहेत, मात्र कंपनीचा कोड उचलू नका. खालच्या मजल्यावरच्या टेल्कोतल्या काकांना विचारा, त्यांनी असे कागद पाहिलेले असतात. काढून टाकले तर पुण्याच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. तडजोड झाली नाही तर पुढे दाद मागता येते, त्याला संघटनेचे सभासद असावे लागत नाही. अर्ज मराठीत चालतो. मात्र त्यावर नाव, पत्ता आणि सही लागते.